दुसरा पलंग: प्राध्यापक पार्किन्सचं प्रकरण

खोलीत पलंग दोन होते आणि राहणारा एकच होता. पार्किन्सच्या प्रकरणाची सगळी गाठ इथं आहे, आणि मला ती बऱ्याच उशिरा सापडली. पहिल्या वाचनात शिट्टी लक्षात राहते, वारा लक्षात राहतो, चांदण्यात उठून बसलेली ती चादर तर विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. पलंग मात्र खोलीतल्या सामानासारखा मागं पडून राहतो.

कथा एम. आर. जेम्स यांची: ‘ओह, व्हिसल, अँड आय’ल कम टू यू, माय लॅड’. १९०४ साली त्यांचा पहिला भयकथासंग्रह आला, त्यातल्या आठ कथांपैकी ही एक. शीर्षक रॉबर्ट बर्न्सच्या प्रेमगीतातलं आहे. तू शीळ घाल, मी येईन, असं त्यात मुलगी आपल्या प्रियकराला सांगते. जेम्स यांनी ती ओळ उचलली आणि शीळ ऐकून येणारा कोण, एवढंच बदललं.

जेम्स स्वतः केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातले. जुन्या हस्तलिखितांच्या सूच्या करण्यात त्यांची हयात गेली. १९०५ मध्ये ते त्याच कॉलेजचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख झाले. १९१८ पासून १९३६ मध्ये वारेपर्यंत ते ईटनच्या शाळेचे प्रोव्होस्ट होते. नाताळच्या दिवसांत ते मित्रांना आपल्या खोलीत बोलवत आणि एका मेणबत्तीच्या उजेडात कथा वाचून दाखवत. ऐकणारी मंडळी विद्यापीठातली, पुस्तकांत वाढलेली. पार्किन्स त्यांना परका वाटला नसणार. असा एखादा सहकारी प्रत्येकाच्या पंगतीला बसत असेल.

भयकथेत विद्वान आला की आपण मराठी वाचक थोडे निर्धास्त होतो. नारायण धारपांच्या भयकथांतल्या समर्थांनी आपल्याला ती सवय लावली आहे. समर्थ दारात उभे राहिले की निम्मी भीती तिथंच ओसरते, कारण त्यांचं ज्ञान संरक्षण देणारं आहे. जेम्स यांच्याकडे नेमकं उलट घडतं. जो शिकलेला, जो लॅटिन वाचू शकतो, जो अवशेषांजवळ थांबून मोजमाप घेतो, त्याच्याच मागं ते लागतं. पण पार्किन्सच्या बाबतीत विद्वत्तेपेक्षा त्याचा स्वभाव जास्त कारणीभूत आहे असं मला वाटतं. तो स्वभाव सावध माणसाचा आहे, आणि त्याचीच तपासणी इथं करायची आहे.

सावध म्हणजे कसा

आपल्याकडे अशा माणसांसाठी शब्दांची कमतरता नाही. आतल्या गाठीचा, घुमा, मितभाषी, भिडस्त, हात राखून वागणारा. पार्किन्सला यांतला एकेक लावून पाहिला की तो कुठंतरी निसटतो. आतल्या गाठीचा म्हणावं, तर त्याच्या मनात काळंबेरं काही नाही. घुमाही नाही, विचारलं तर लांबलचक उत्तर देतो. भिडस्त म्हणावं, तर स्वतःचं मत चारचौघांत आवाज चढवून सांगायला तो कचरत नाही. तरुण, नीटनेटका आणि शब्द तोलून बोलणारा असं जेम्स त्याचं वर्णन करतात. कमालीचा सभ्य, काटेकोर सत्यवादी. धाडसही भरपूर आहे. विनोदबुद्धी मात्र अजिबात नाही, आणि त्याच्या बारीकसारीक सवयींत एक कोंबडीसारखी लगबग आहे. विषय त्याचा ‘ऑन्टोग्राफी’. म्हणजे जे जे आहे त्याचं वर्णन करण्याचं शास्त्र म्हणता येईल. काय अस्तित्वात आहे आणि काय नाही हे ठरवणं हाच ज्याचा पेशा, त्या माणसाची ही गोष्ट आहे.

मला त्याच्यासाठी नेमका वाटतो तो शब्द सोवळा. आपल्या आजीच्या पिढीतलं सोवळं आठवून पाहा. त्यात कुणाबद्दल राग नसे, तिरस्कार असेलच असं नाही. फक्त शिवायचं नाही. पार्किन्सनं हे सोवळं बुद्धीला लावलं आहे. भुतांवर तो विश्वास ठेवत नाही, इतकंच नाही. त्या विषयावर कुणी हलकंफुलकं बोललं तरी त्याला विटाळ होतो. आपल्यासारख्या पदावरच्या माणसानं अशा समजुतींना मान्यता दिल्यासारखं दिसणंसुद्धा टाळलं पाहिजे, असं तो म्हणतो. असल्या गोष्टी असू शकतात या मताला वरवरची जरी सूट दिली, तरी आपण जे सर्वांत पवित्र मानतो त्याचा तो त्याग ठरेल, असंही म्हणतो. पवित्र हा शब्द त्याच्या तोंडी आहे. अश्रद्धेचं रक्षण तो श्रद्धेसारखं करतो.

पंगतीतला प्रसंग

हे सगळं ज्या प्रसंगात कळतं तो पानभराचा आहे आणि पुढचं सगळं तिथंच ठरून जातं. सत्र संपलं आहे, कॉलेजात मेजवानी चालू आहे. पार्किन्स दुसऱ्या दिवशी पूर्व किनाऱ्यावरच्या बर्नस्टो गावी आठ-दहा दिवसांसाठी निघाला आहे, गोल्फचा हात सुधारायला. बर्नस्टो म्हणजे सफोक परगण्यातलं फेलिक्स्टो, हे जेम्स यांनीच नंतर सांगितलं. हिवाळा असल्यानं बहुतेक घरं बंद. ‘ग्लोब इन’मध्ये एकच बरीशी मोठी खोली मिळते आहे आणि तिच्यात दोन पलंग आहेत. दुसरा हलवायला जागा नाही म्हणतात. लिहायला-वाचायला बसायच्या जागेत एक रिकामा पलंग असणं पार्किन्सला रुचत नाही, पण तो चालवून घेणार आहे.

समोर बसलेला रॉजर्स हा मोकळाढाकळा गडी. तो म्हणतो, मग मीच येतो की, त्या पलंगावर झोपतो काही दिवस, सोबत होईल.

पार्किन्सच्या अंगावर शहारा येतो. पण तो सभ्यपणे हसतो. जरूर या, म्हणतो. फक्त तुम्हाला कंटाळा येईल, तुम्ही गोल्फ खेळत नाही ना? रॉजर्स सोडत नाही. नको असेन तर स्पष्ट सांग, सत्यानं कुणी दुखावत नाही असं तूच सांगत असतोस. आता सत्यवादी माणसाची कोंडी झाली. क्षणभर त्याच्या मनात झुंज चालते आणि मग तो उत्तर देतो: खोली दोघांना पुरेल का याचा मी विचार करत होतो, आणि तुम्ही विचारलंच म्हणून सांगतो, तुमचा माझ्या कामात अडथळा तर होणार नाही ना, याचाही.

ही त्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे. खोटं बोलणं त्याला जमत नाही, म्हणून तो खऱ्या गोष्टींचीच कुंपणासारखी मांडणी करतो. खोली दोघांना अपुरी पडेल, हे खरं. काम आहे, हे खरं. रॉजर्सला कंटाळा येईल, हेही खरं असेल. मला एकटं राहायचं आहे, हे सर्वांत साधं खरं तेवढं तो उच्चारत नाही. सावध माणसं फार क्वचित खोटं बोलतात. त्यांना त्याची गरज पडत नाही, कारण दारासमोर रचायला खऱ्या विटा त्यांच्याकडे पुष्कळ असतात.

रॉजर्स हसून माघार घेतो आणि जाता जाता म्हणतो, भुतं लांब ठेवायला माझा उपयोग झाला असता. थट्टेतच म्हणतो. पार्किन्सचा चेहरा लाल होतो आणि मग ते पवित्र गोष्टींचं भाषण सुरू होतं.

त्या पलंगासाठी एक माणूस स्वतःहून तयार झाला होता आणि पार्किन्सनं त्याला सभ्यपणे वाटेला लावलं. पलंग रिकामा राहिला. कथा पुढं त्या रिकाम्या जागेचीच आहे. त्याच पंगतीत शेजारच्या एकानं त्याला टेम्प्लर या मध्ययुगीन ख्रिस्ती योद्ध्यांच्या मठाची जागा बघून यायला सांगितलं, आणि हे काम मात्र त्यानं आनंदानं अंगावर घेतलं. माणसाला खोलीत घ्यायला जो कां-कूं करतो, तो अवशेष बघायला एका शब्दावर तयार होतो. मला त्याच्या स्वभावाची खरी ओळख इथं पटते: त्याची सगळी चौकी-पहाऱ्याची व्यवस्था माणसांच्या दिशेनं आहे. वस्तूंच्या दिशेला कुणी पहारेकरी उभाच नाही.

शिट्टी

गोल्फच्या पहिल्या दिवसाअखेर पार्किन्स एकटाच किनाऱ्यानं निघतो. त्याचं कारणही स्वभावातलंच आहे. जोडीला खेळणारे कर्नल विल्सन संध्याकाळपर्यंत इतके तापलेले असतात, की त्यांच्यासोबत चालत जाणं त्याला झेपणारं नाही. वाटेत टेम्प्लरांचे अवशेष लागतात. १३१२ मध्ये पोपनं हा पंथ बरखास्त केला. हे लोक गोल आकाराची चर्चं बांधत, हे पार्किन्सला ठाऊक आहे, म्हणून जमिनीवरचे उंचवटे पाहून त्याला वर्तुळ ओळखता येतं. वेदीच्या जागी एक कप्पा सापडतो. काडी पेटवून बघावं तर वारा टिकू देत नाही. तो सरळ आत हात घालतो आणि बोटभर लांबीची धातूची नळी बाहेर काढतो.

अंधारात, न दिसणाऱ्या भोकात, बिनदिक्कत हात. रॉजर्सला उत्तर देताना एकेक शब्द तोलणारा माणूस तो हाच.

परतीच्या वाटेवर तो मागं वळून पाहतो तेव्हा लांबवर एक अंधूक आकृती दिसते. त्याला गाठायची तिची धडपड चालू आहे, पण अंतर काही कमी होत नाही. रात्री खोलीत नळी नीट पाहिल्यावर कळतं की ही शिट्टी आहे. माती झटकायला खिडकी उघडतो तर किनाऱ्यावर खानावळीसमोर कुणीतरी उभं. शिट्टीवर दोन्ही बाजूंना लॅटिन अक्षरं आहेत. एका बाजूचं वाक्य सोपं आहे: हा कोण येत आहे? बायबलातल्या यशयाच्या पुस्तकात, त्रेसष्टाव्या अध्यायाच्या आरंभी, लॅटिन भाषांतरात हेच शब्द येतात. दुसऱ्या बाजूला तुकडे तुकडे करून मांडलेली अक्षरं आहेत. ती जुळवली तर अनेक अभ्यासकांच्या मते अर्थ निघतो: चोरा, तू फुंकशील, तू रडशील. पार्किन्सला हे वाचता येत नाही. माझं लॅटिन थोडं गंजलं आहे, असं तो स्वतःशीच कबूल करतो आणि सोप्या वाक्याकडे वळतो. कोण येतंय ते कळायला शिट्टी वाजवून बघणं बरं!

इथं मी दर वेळी थांबते. अर्धंच वाचता आलं, उरलेल्या अर्ध्याचा अर्थ लागत नाही हे माहीत आहे, आणि तरी वाजवून बघतो. याला बेफिकिरी म्हणता येणार नाही. त्याच्या मनात ‘कोण’ या प्रश्नाला जागाच नाही. त्याच्या लेखी तो लेख आहे, मजकूर आहे, व्याकरण आहे. तो कुणी कुणाला उद्देशून लिहिलेला असू शकतो, ही शक्यता त्याच्या सोवळ्याच्या बाहेरची. आमच्याकडे दिवेलागणीनंतर शीळ घातली की घरातलं कुणीतरी लगेच दटावायचं, साप येतो म्हणून. साप येत नाही हे आम्हालाही कळत होतं. पण शीळ ही हाक आहे आणि हाकेला ओ देणारा कुणीतरी असतो, एवढं शहाणपण त्या दटावणीत होतं. पार्किन्सला असं दटावणारं कुणी जवळ नव्हतं. जो होऊ शकला असता, तो केंब्रिजला राहिला होता.

तो फुंकतो. त्या नादात एक अथांग अंतर आहे. ऐकताना त्याला रात्रीचा विस्तीर्ण काळा पसारा आणि मधोमध एक एकटी आकृती दिसते. मग वारा उठतो, खिडकी उघडून आपटते, मेणबत्त्या विझतात.

कुणाला काय सांगितलं

पुढच्या दीड दिवसाचा घटनाक्रम भयकथेच्या वाचकाला अंदाजानं सांगता येईल. झोप न लागणं, मिटल्या डोळ्यांपुढं किनाऱ्यावरून जीव घेऊन पळणारा माणूस आणि त्याच्या मागं फडफडत येणारं काहीतरी फिकट, सकाळी विस्कटलेला दुसरा पलंग. मी त्यापेक्षा एक हिशेब मांडून पाहिला. पार्किन्सला जे जे दिसलं, ऐकू आलं, ते त्यानं कुणाला सांगितलं?

मागं लागलेली आकृती: कुणालाच नाही. किनाऱ्यावर उभी असलेली आकृती: कुणालाच नाही. रात्री डोळ्यांपुढं आलेलं ते पळणं: नाही. काडी पेटवताच पलंगाजवळून काहीतरी जमिनीवर सरसरत पळाल्याचा आवाज: उंदीरबिंदीर असतील, हे स्वतःलाच सांगितलेलं उत्तर. झोप लागत नाही तेव्हा तो हृदयाचे ठोके मोजत पडतो आणि फुप्फुस, मेंदू, यकृत सगळ्यांवर संशय घेतो. आजारी असणं त्याला परवडतं.

सकाळी खोली आवरणारी मुलगी विचारते, जादा ब्लँकेट कुठल्या पलंगावर घालू? तो म्हणतो, मी झोपलो त्यावर. ती म्हणते, साहेब, दोन्हींवर झोपल्यासारखं दिसतंय. सामान काढताना माझ्याकडूनच विस्कटला असेल, हे त्याचं उत्तर. पुन्हा तीच रीत: उत्तर खोटं नाही, शक्य कोटीतलं आहे, आणि दार बंद करणारं आहे.

दुसऱ्या दिवशी कर्नल विल्सन रात्रीच्या वाऱ्याबद्दल बोलतात. आमच्या गावी म्हणाले असते, कुणीतरी शीळ घालून वारा बोलावला, असं ते म्हणतात. यावर पार्किन्स शिट्टीची हकिगत सांगतो, दोनदा फुंकली आणि वारा जणू हाकेसरशी आला, हेही सांगतो. पण का सांगतो? असे योगायोग होतात आणि त्यांतूनच अडाणी समजुती जन्माला येतात, हा मुद्दा पटवण्यासाठी. अनुभव म्हणून तो सांगतच नाही, उदाहरण म्हणून सांगतो. स्वतःच्या बाबतीत घडलेलं इतकं परकं करून सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. ती बहुधा हुशार असतात आणि त्यांच्या जवळच्यांना त्यांची काळजी वाटत असते.

अंधारून आल्यावर दोघं परततात तेव्हा एक मुलगा धावत येऊन कर्नलना धडकतो. भीतीनं त्याची बोबडी वळलेली आहे. खानावळीच्या खिडकीतून काहीतरी पांढरं त्याला हात करत होतं. खिडकी पार्किन्सच्या खोलीची. खोलीला कुलूप, किल्ली पार्किन्सच्या खिशात. वर जाऊन पाहतात तर दुसऱ्या पलंगावरची पांघरुणं पिळवटून पडली आहेत.

रात्री निरोप घेताना कर्नल शिट्टी हातात घेऊन बघतात. माझी असती तर सरळ समुद्रात फेकली असती, म्हणतात. पार्किन्सचा बेत ती केंब्रिजला नेऊन जाणकारांना दाखवायचा, वाटलं तर संग्रहालयाला द्यायचा. तुम्हाला सांगून उपयोग नाही, अनुभवानंच शिकाल, असं म्हणून कर्नल पाठ फिरवतात. जेम्स यांनी इथं एक बारीकशी नोंद केली आहे. कर्नल वळले तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी पार्किन्स काहीतरी बोलण्याच्या बेतात होता.

तो काय बोलणार होता ते कथेत नाही. कदाचित आणखी एखादा युक्तिवाद असेल. पण मला राहून राहून वाटतं की पूर्ण कथेत हा एकच क्षण असा आहे जिथं पार्किन्स सांगू शकला असता. आणि नेमकं तेव्हा ऐकणाऱ्यानं गृहीत धरलं, हा काही ऐकणार नाही. बंद दाराची सवय बाहेरच्या माणसालाही लागते. तो मग ठोठावायचं सोडून देतो.

त्या रात्री चांदणं थेट तोंडावर येतं म्हणून पार्किन्स प्रवासातली घोंगडी, काठी आणि छत्री यांचा आडोसा उभारतो. तासाभरानं तो आडोसा कोसळतो. जागा झाल्यावर त्याला समोरच्या पलंगात हालचाल जाणवते, आणि तेव्हाही मनात पहिलं येतं ते उंदीर; उद्या हा पलंग हलवून घ्यायला हवा. मग पलंगावरची आकृती उठून बसते. तिला डोळे नाहीत. ती चाचपडत त्याच्या पलंगाकडे झेपावते, उशा चाचपते, तो तिथं नाही हे कळल्यावर उजेडाकडे वळते, आणि तेव्हा त्याला चुरगळलेल्या कापडाचा तो चेहरा दिसतो. पार्किन्स खिडकीतून अर्धा बाहेर, पाठमोरा, किंकाळीमागून किंकाळी फोडत असतो तेव्हा कर्नल दार ढकलून आत येतात.

हिशेबात शेवटची नोंद ती किंकाळी. या सगळ्या प्रकारात पार्किन्सनं दुसऱ्या माणसापर्यंत न तोलता, न मांडणी करता पोचवलेली ती पहिली गोष्ट होती.

निदानाबद्दल थोडं

या कथेकडे अविश्वासाची शिक्षा म्हणून पाहणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. शिक्षाच द्यायची असती तर जेम्स यांनी पार्किन्सला उर्मट केलं असतं. त्याला सत्यवादी, सभ्य आणि धीट ठेवण्याची काही गरज नव्हती. शिवाय कर्नल विल्सन बघा. ते या गोष्टी मानतात, पण त्यांच्या मानण्यात शहाणपण किती आहे? रोमन कॅथलिक पंथाबद्दलच्या द्वेषात त्यांचं सगळं ज्ञान बुडालेलं आहे. शिट्टी त्या लोकांची म्हणून वाईट. घडलेल्या प्रकारानंही त्यांचं हेच मत पक्कं होतं. भारतात असंच काहीसं आपण पाहिल्याचं ते सांगतात, आणि पार्किन्सनं सरळ अंगावर घेतलं असतं तर त्याला फारसं काही करता आलं नसतं, घाबरवणं एवढीच त्याची ताकद, असंही म्हणतात. कर्नल वाचवतात ते विश्वासाच्या जोरावर नव्हे. ते वाचवतात कारण ते त्याच खानावळीत आहेत, किंकाळी ऐकू येते आणि ते धावत येतात.

१९६८ मध्ये बीबीसीसाठी जोनाथन मिलर यांनी ही कथा पडद्यावर आणली. मायकेल हॉर्डर्न यांनी केलेला त्यातला प्राध्यापक म्हातारा, स्वतःशी पुटपुटणारा, जगापासून तुटलेला आहे. अभिनय थोर आहे. पण एक गोष्ट त्यात हरवते. तो प्राध्यापक एकाकी आहे. त्याला सोबत मिळाली नाही असं वाटतं. जेम्स यांचा पार्किन्स तरुण आहे, त्याला मित्र आहेत, गोल्फ शिकायला लावणारे, थट्टा करणारे, सोबत यायला निघालेले. सोबत त्याला मिळाली होती आणि त्यानं ती परतवली. सावधपणा आणि एकटेपणा यांत हा फरक आहे, आणि भयकथा लिहिणाऱ्यांनी तो जपावा असं मला कळकळीनं वाटतं. एकट्या माणसाची भीती वाचकाला हळवं करते. मित्र असूनही एकटा झोपलेल्या माणसाची भीती त्याला स्वतःच्या घरातली रिकामी जागा दाखवते.

आणखी एक बारकावा. त्या वस्तूला स्वतःचं शरीर नाही. जेम्स स्पष्ट लिहितात की पांघरुणांखेरीज तिच्यात काहीच नव्हतं. त्यांचंच तिनं शरीर केलं होतं. म्हणजे तिला आकार मिळाला तो पार्किन्सच्या खोलीतल्या न वापरलेल्या चादरींमधून. त्या पलंगावर रॉजर्स घोरत असता, तर तिनं अंगावर काय घेतलं असतं?

नंतर

त्या रात्री उरलेला वेळ कर्नल एका घोंगडीत गुंडाळून त्या दुसऱ्या पलंगावर झोपले. पलंग रिकामा राहू दिला नाही. दुसऱ्या दिवशी रॉजर्स आला. आदल्या दिवशी झालं असतं त्याहून त्याचं जास्त स्वागत झालं, असं जेम्स लिहितात. तिघांनी पार्किन्सच्या खोलीत बसून बराच वेळ सल्लामसलत केली. त्यानंतर कर्नलनी दोन बोटांत एक लहानशी वस्तू धरून नेली आणि दंडात होता तेवढा जोर लावून समुद्रात भिरकावली. खानावळीच्या मागच्या अंगणात काहीतरी जाळल्याचा धूर निघाला. तिघांनी बंद दाराआड बसणं, आणि त्यात पार्किन्स असणं, हा मला या प्रकरणातला सर्वांत मोठा बदल वाटतो. काय बोलणं झालं ते जेम्स सांगत नाहीत.

पार्किन्सची मतं पूर्वीइतकी काटेकोर राहिली नाहीत. दारामागं टांगलेला पाद्र्याचा पांढरा झगा त्याला अस्वस्थ करतो, आणि हिवाळ्यातल्या संध्याकाळी शेतात उभं असलेलं बुजगावणं त्याची झोप उडवतं. तो श्रद्धाळू झाला असं कुठं म्हटलेलं नाही. रिकाम्या कपड्यात कुणी असू शकतं, एवढंच आता त्याला ठाऊक आहे.

राहता राहिले जेम्स. तेही हात राखून बोलणारे. १९२९ मध्ये भयकथांवर लिहिताना त्यांनी संयमाची बाजू घेतली: संयमानं परिणाम साधतो, उघडपणानं तो बिघडतो. या कथा तुमच्या अनुभवातल्या का, असं त्यांना विचारलं जाई. १९३१ च्या एकत्रित आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी उत्तर दिलं की नाही. अपवाद फक्त एका ठिकाणचा, तिथं एका स्वप्नानं सूचना पुरवली आणि तसं मजकुरातच नोंदवलं आहे. कुठली कथा, ते नाव त्यांनी घेतलं नाही. शोधणाऱ्यानं शोधावं.

ती नोंद या कथेत आहे. रिकाम्या पलंगावर हालचाल वाढते आणि आता तिथं कुणीतरी उठून बसणार, नेमक्या त्या जागी निवेदक मध्येच स्वतःबद्दल बोलतो: प्राध्यापकाच्या मनाची अवस्था मी समजू शकतो, कारण तीस वर्षांपूर्वी हेच मी स्वप्नात पाहिलं आहे. पुढच्या वाक्यात पार्किन्स एका उडीत पलंगाबाहेर पडून खिडकीकडे धावलेला असतो.